साडीची वात, मोगरा आणि टेकडी
कुणीतरी विचारलंय की मे महिन्यात आठवडाभर गावाला जायचं तर बाल्कनीतल्या कुंड्यांचं काय करायचं. जुनी सुती साडी काढा! बोटभर रुंद पट्ट्या फाडून, पीळ देऊन त्यांच्या वाती करायच्या आणि भिजवून घ्यायच्या. एक टोक बादलीच्या तळाशी, दुसरं कुंडीतल्या मातीत खोल. बादली कुंडीपेक्षा जरा उंचावर हवी. कापड सुतीच घ्या, ते पाणी छान ओढतं. निघण्याआधी दोन दिवस लावून बघा, म्हणजे वात जाड हवी की बारीक ते कळतं. मातीवर नारळाच्या शेंड्या पसरल्या तर ओल आणखी टिकते. कोरफड आणि स्नेक प्लांटला मात्र हे नको, मुळं कुजतात.

मोगऱ्याचा एक बहर ओसरला की शेंडे छाटा. कळ्या नव्या फुटीवरच येतात. ओंजळभर फुलं माठाशेजारी ठेवली की दुपार किती सुसह्य होते!

मॅक्रमेसाठी, म्हणजे दोरीला गाठी मारून करायच्या विणकामासाठी, सुती दोरी पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीत बघा. पहिल्यांदा करणाऱ्याने एका कुंडीचं साधं शिंकंच करावं. चौकोनी गाठ बसली की पुढचं सगळं सोपं आहे.

आणि सकाळी लवकर वेताळ टेकडीवर जाच. पुण्यात एप्रिल-मे म्हणजे बहाव्याचे दिवस, ते घरात बसून घालवायचे नाहीत. पाण्याची बाटली मात्र घ्या, वर सावली कमी आहे.