पुस्तकांची 'पुनर्रचना' करायची की पुस्तकं नुसती लावायची?

तापीकाठ (चोपडा तालुका)
आमच्या वाचनालयात पुस्तकं आजवर दाखल क्रमांकाने ठेवलेली. त्यामुळे कादंबरीला चिकटून केळीच्या खतांचं पुस्तक, कारण दोन्ही एकाच खेपेत आली. आता विषयवार लावतोय. तर दारावर पाटी: 'ग्रंथांच्या पुनर्रचनेचे कार्य प्रगतिपथावर आहे.' शब्द जड आहे ही तक्रार नाही, चुकीचा आहे ही आहे. पुनर्रचनेत मूळ गोष्टच बदलते. 2008 साली मतदारसंघांची पुनर्रचना झाली तेव्हा एरंडोल लोकसभा मतदारसंघ गेला आणि रावेर आला. आमचं एकही पुस्तक कुठे जात नाही, फक्त जागा बदलतेय. लावणे, मांडणे, रचणे, आवरणे, हलवणे एवढी क्रियापदं असताना नामाला 'करणे' जोडायची ही हौस कसली?

दप्तर
भाऊ, लावायला काय, दिवा लावतात, कुलूप लावतात, कपाशी लावतात आणि वाटही लावतात. 'पुस्तकं लावतोय' वाचून बाहेरच्याला काय कळणार? शिवाय आधी एकदा लावलेली होती, आता पुन्हा, हे त्यात येतच नाही. माझी नोकरी तलाठी कार्यालयात गेली. तिथे 'फेर' हा रोजचा शब्द. जमिनीचा हक्क बदलला की गाव नमुना 6 मध्ये फेरफार, मग सात-बारावर नाव. फेरमोजणी, फेरतपासणी, फेरनिवडणूक हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. सरळ 'फेरमांडणी' लिहा. करणे जोडावं लागलं तर जोडा, त्यात कमीपणा कसला?

भुसावळकर
आप्पा, फेरमांडणी चालेल. पण त्यातला 'फेर' इतका साधाही नाही. 'कागदपत्रांत फेरफार' अशी बातमी आली की आधी पोलीसच डोळ्यांपुढे येतात. मंत्रिमंडळात फेरबदल म्हटलं की कोणाची तरी खुर्ची जाते. आमच्या यार्डात डब्यांचा क्रम बदलतात त्याला सगळे शंटिंग म्हणतात, मराठी शब्दावाचून कोणाची गाडी अडली नाही. वाचनालयाने लिहावं, 'शंटिंग चालू आहे, मागून या.'

अक्का, शिरपूर
तुम्ही तिघं सगळी क्रियापदं एकाच पोत्यात भरताय. कडब्याची गंजी रचतात, मांडत नाहीत. पाट मांडतात, रचत नाहीत. रचलं की एकावर एक, मांडलं की पसरून, दिसेल असं. ट्रकमध्ये केळीचे घड कोणी मांडले तर व्यापारी हाकलून देईल. आवरणे म्हणजे पसारा डोळ्यांआड करणं, मग आत कपाटात काही का असेना. क्रम फक्त 'लावणे'त आहे. पत्ते आधी पिसतात, मग हातात लावतात, आणि पिसणं हीसुद्धा जागांची बदलच ना? म्हणजे विस्कटणारी वेगळी आणि जुळवणारी वेगळी. आमच्या अहिराणीत आठलं तठे, तठलं आठे, म्हणजे इथलं तिथे, तिथलं इथे केलं की त्यात नीट झालं की बिघडलं, काहीच कळत नाही. सासू सुनेच्या स्वयंपाकघरात करते ते हेच.
त्यामुळे दप्तरवाले आप्पा, 'फेरमांडणी'लाच माझा विरोध. पुस्तकं कपाटात उभी लावतात, मांडतात ती विक्रीला.

दप्तर
प्रदर्शनातही मांडतात, अक्का. आणि 'मांडणी' या नामाचा अर्थ 'मांडणे'पेक्षा केव्हाच मोठा झालाय. लेखाची मांडणी, मुद्द्यांची मांडणी. तिथे कोण काय विकतंय?

अक्का, शिरपूर
मुद्दा मांडणारा विकतच असतो काहीतरी. तुम्ही आत्ता फेरमांडणी विकताय.

तापीकाठ (चोपडा तालुका)
अक्कांचं रचणे-मांडणे पटलं. पण आप्पांचा आक्षेप उरतोच, 'पुन्हा' कुठून आणायचं? 'परत लावतोय' म्हणावं तर पुस्तकं परत केली असंही कोणी वाचेल. म्हणून पाटीचा मजकूर असा ठरवतोय: 'पुस्तकं विषयवार लावत आहोत. पूर्ण होईपर्यंत देवघेव बंद.' क्रम कसला ते सांगितलं की 'पुन्हा'ची गरज पडत नाही.

भुसावळकर
'विषयवार' हे मंगळवार-बुधवारसारखं वाचतील भो. विचारतील, विषयवार कधी असतो?

दप्तर
आणि 'आहोत' म्हणजे कोण? पाटीवर कर्ता लागतो. सचिवांची सही घ्या खाली.