लॅपटॉपचा फॅन खरखर करायलाय, ऑइल टाकावं का फॅनच बदलावा? (सोलापूर)

नमस्कार मंडळी, ताईच्या लॅपटॉपसाठी मदत हवी आहे. ती संध्याकाळी दहावीच्या पोरांचे ऑनलाइन गणिताचे क्लास घेते आणि फॅनचा आवाज आता इतका वाढलाय की पोरं विचारतात मॅडम घरात मिक्सर चालू आहे का. माइकवाला हेडफोन लावला तरी आवाज जातोच, मग एकच पायरी परत परत सांगून तिचा घसा बसायलाय. नवीन लॅपटॉप घेणं आत्ता शक्य नाही, आणि बाकी मशीन एकदम चांगलं आहे.

आम्ही अक्कलकोट रोडच्या बाजूला राहतो, आजूबाजूला टॉवेलचे माग आहेत. पूर्व भागातल्यांना सांगायला नको, सुताचा बारीक कापूस दिवसभर हवेत असतो, खिडकीच्या जाळीवर थर धरतो, तर लॅपटॉप कसा सुटेल. मागचं झाकण उघडलं, आधी बॅटरीचा कनेक्टर काढला, आणि बघतो तर फॅनच्या पात्यांवर फार काही नव्हतं पण फॅन आणि हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता बाहेर काढणारा धातूचा भाग) बारीक पट्ट्या यांच्या मधे कापसाचा सलग थर बसलेला, चिमट्याने धरून ओढला तर एका तुकड्यात निघाला. हे बाहेरून ब्लोअर मारून निघत नाही, उलट अजून घट्ट बसतं, म्हणून मागांजवळ राहणाऱ्यांनी उघडूनच बघा. आणि हवा मारायचीच असेल तर पातं बोटाने धरून मारा, फॅन हवेने गरागरा फिरला तर खराब होऊ शकतो.

साफ केल्यावर गरम होणं बरंच कमी झालं. आधी क्लास चालू असताना प्रोसेसरचं टेंपरेचर ९५ अंशांच्या पुढे जायचं, आता ८० च्या आसपास राहतं. विंडोजच्या पॉवर ऑप्शनमधे मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट १०० टक्क्यांचं ९९ केलं की टर्बो (प्रोसेसरचा जादा वेग) बंद होतो, तेही केलं, अजून खाली आलं, क्लासला टर्बो लागतच नाही. त्यामुळे तो जोरात हवेचा जो सूंऽऽ आवाज यायचा तो गेला.

पण खरखर काय जाईना. ती सकाळी थंड मशीन चालू केलं तरी लगेच येते, लॅपटॉप एका बाजूला कलता केला की आवाज बदलतो, उभा धरला तर जवळपास थांबतो, आणि पातं बोटाने हलवलं तर जरा डुगडुगतं. म्हणजे माझ्या मते बेअरिंग झिजलंय, आता कितीही साफ करून उपयोग नाही. नवी पेठेत दाखवलं तर एक जण म्हणाला शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब टाकून देतो, दुसरा म्हणाला हीटसिंकसकट सगळं बदलावं लागेल. तेलाचं मला पटत नाही, थोडे दिवस आवाज बंद होईल पण त्या तेलाला आमचा हा कापूस चिकटून बसेल. आणि फॅन तर स्क्रू काढून हीटसिंकपासून वेगळा निघताना दिसतोय, मग हीटसिंक कशाला बदलायचा?

तर ज्यांनी स्वतः फॅन बदललाय त्यांनी सांगा, फॅनवरच्या स्टिकरचा पार्ट नंबर जुळवून ऑनलाइन कंपॅटिबल फॅन घेतला तर टिकतो का, का ओरिजिनलच शोधू? आमच्या फॅनवर डीसी ५ व्होल्ट ०.५ अँपिअर लिहिलंय, चार वायरचा कनेक्टर आहे. हीटसिंक न उचलता नुसता फॅन काढला तर थर्मल पेस्टला (प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधे लावलेली पेस्ट) हात लावायची गरज नाही ना?

आणि अजून एक, हवा आत घेणाऱ्या फटींवर बारीक जाळी लावली तर कापूस अडेल, पण हवाही अडेल अशी भीती वाटते, इथे एप्रिल-मेमधे पारा ४० च्या वर असतो आणि खोलीत एसी नाही. कुणी लावलीय का, कसली जाळी, किती दिवसांनी साफ करता?

कूलिंग पॅड घ्या असं कृपया नको, त्याने टेंपरेचर थोडं उतरेल पण खरखर तशीच राहणार. रविवारी क्लास नसतो, पार्ट मिळाला तर त्याच दिवशी बसवायचा विचार आहे. सोलापुरात सुटा फॅन कुठे मिळतो हे माहिती असेल तर तेही सांगा.