निळा स्क्रीन, ‘कर्नल डेटा इनपेज एरर’: डिस्क गेली का? चादरीची डिझाइनं आहेत त्यात

जेकार्डवाला:
नमस्कार मंडळी. सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरीच्या कारखान्यात जेकार्डची (नक्षी विणणाऱ्या मागाची) डिझाइनं काढतो. आठवडा झाला, कॉम्प्युटर काम करता करता गोठायलाय, मग निळा स्क्रीन, वर लिहिलेला एरर. आपोआप रीस्टार्ट होतो तेव्हा डिस्कच सापडत नाही म्हणतो. पूर्ण बंद करून पुन्हा चालू केला की सुरू! रॅम तपासली, ठीक आहे. १ टीबीची साधी हार्ड डिस्क, विंडोज १०. अकरा वर्षांची डिझाइनं त्यात आहेत, मोर, गुलाब, देवळं, एकेक चौकट हातानं भरलेली. दुकानदार फॉरमॅट मारा म्हणतो. माझा हात धजत नाही.

साखरपेठ:
रात्री चेकडिस्क स्लॅश आर (विंडोजची डिस्क तपासायची कमांड) लावून जा. सकाळपर्यंत होतंय.

विजापूररोड:
नको, आत्ता अजिबात नको! स्लॅश आर अख्खी डिस्क वाचून काढतं. ती खरंच मरायला टेकली असेल तर त्यातच जायची. आधी डिझाइनं दुसऱ्या डिस्कवर घ्या, आजच.
या एररचा अर्थ एवढाच, की विंडोजला पेजफाइलमधलं (मेमरीतला डेटा डिस्कवर ठेवायच्या फाइलमधलं) पान डिस्कवरून मेमरीत आणता आलं नाही. दोष डिस्कचा असेल, नाहीतर वाटेतला. क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्राम) उघडून त्यातल्या ०५, सी५, सी६ आणि सी७ या ओळी बघा. पहिल्या तिन्हींत आकडा वाढत असेल तर डिस्कचा पृष्ठभागच खराब होतोय. नुसता सी७ वाढत असेल तर बहुतेक केबल.

जेकार्डवाला:
डिझाइनं घेतली हो, जीव भांड्यात पडला. ०५, सी५, सी६ शून्य. सी७ ला १२एफ. हे काय?

विजापूररोड:
तो आकडा दहाऐवजी सोळाच्या पायावर (हेक्साडेसिमलमध्ये) लिहिलेला, आपल्या नेहमीच्या आकड्यांत ३०३. तेवढ्या वेळा केबलमधून डेटा चुकीचा पोचला. कॉम्प्युटर मागांच्या जवळ आहे का?

जेकार्डवाला:
भिंतीपलीकडंच शेड. माग चालू असले की टेबलावरचा पेला थरथरतो.

विजापूररोड:
मग साटा केबल (डिस्क मदरबोर्डला जोडणारी) सैल झाली असणार. क्लिपवाली नवी घ्या, मदरबोर्डवर दुसऱ्या पोर्टला लावा. डिस्कचे चारही स्क्रू आवळा, पॉवरचा कनेक्टरही दाबून बसवा. ३०३ कमी होणार नाहीत, तो आकडा मागं येतच नाही. वाढतोय का तेवढं बघा.

जेकार्डवाला:
नवव्या दिवशी लिहितोय. माग दोन्ही पाळ्या चालू, सी७ अजून १२एफच. जुनी केबल काढताना बोट लागताच निसटली. कॉम्प्युटरखाली रबराची चटई घातली. साखरपेठ, तुमचेही आभार, पण नवख्यांना ते स्लॅश आर आधी सांगू नका, कळकळीनं सांगतो.

साखरपेठ:
बरोबर आहे तुमचं. यापुढं आधी कॉपीच सांगेन.