पाळी जाण्याच्या वाटेवरचे दिवस: आपले अनुभव लिहावेत

माळ्यावरची ट्रंक आवरताना आईच्या जुन्या लुगड्याच्या, नीट घडी घातलेल्या पट्ट्या हाती लागल्या आणि तिचे 46वे वर्ष आठवले. त्या वर्षी तिची पाळी 10-12 दिवस चाले, आणि जिना चढताना ती मधल्याच पायरीवर बसून राही. "पाळी जायच्या वेळी असेच अंगावरून जाते," असे सगळ्या सांगत, म्हणून कोणी रक्त तपासले नाही. तपासले तेव्हा हिमोग्लोबिन 6 होते. आता मी 47 वर्षांची आहे, आणि पूर्वी 28 दिवसांनी येणारी पाळी कधी 20, तर कधी 50 दिवसांनी येते. तुमच्याकडे हे कसे झाले, ते लिहावे.

—

माझ्या बाबतीत दोन महिने पाळी चुकली आणि तिसऱ्या महिन्यात गाठींसह इतके गेले की मी घाबरले. डॉक्टरांनी कारण समजावले: या वयात काही महिने बीज बाहेर पडतच नाही, त्यामुळे प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक तयार होत नाही, इस्ट्रोजेन या दुसऱ्या संप्रेरकामुळे गर्भपिशवीचे अस्तर मात्र जाड होत राहते, आणि शेवटी ते सगळे एकदम सुटते. कारण कळल्यावर भीती पुष्कळ ओसरली. मात्र पाळी चुकली म्हणजे दिवस राहू शकत नाहीत असे नाही. आधी ती चाचणी करावी.

—

मी शिक्षिका आहे. परीक्षेच्या पर्यवेक्षणात तीन तास वर्ग सोडता येत नाही, आणि मला तर तासाभरात पॅड बदलावे लागे. दोन वर्षे मी केवळ गडद रंगाच्या साड्या नेसून काढली. ओळीने काही तास दर तासाला पॅड भिजत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचे असते, हे मला फार उशिरा कळले. माझ्या पिशवीत फायब्रॉइडची गाठ होती, थायरॉइडही बिघडलेले होते.

—

ताई, आईंचे वाचून गलबलून आले. लोहाच्या गोळ्या चहाबरोबर घेऊ नयेत, लिंबूपाण्याबरोबर घ्याव्यात. माझ्या सासूबाई हेच चुकत होत्या.

—

मला 41व्या वर्षी पहिल्याच भेटीत "पिशवी काढून टाका" असे सांगण्यात आले. 2019 साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या पिशव्या काढल्याच्या बातम्या आल्या होत्या आणि राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली होती. ते लक्षात असल्यामुळे मी दुसरे मत घेतले. अस्तराचा तुकडा तपासला, तो निर्दोष निघाला, मग संप्रेरक सोडणारे साधन पिशवीत बसवले. पहिले चार महिने अधूनमधून डाग दिसत राहिले, नंतर रक्तस्राव नाममात्र उरला. कधी कधी शस्त्रक्रिया खरोखरच लागते, हे मी नाकारत नाही. पण ती पहिल्या भेटीत ठरू नये.

—

कृपया हे सर्वांनी वाचावे. माझ्या नणंदेची पाळी 14 महिने बंद होती, आणि नंतर थोडे डाग दिसले. पाळी परत आली, असे तिला वाटले. सलग 12 महिने पाळी आली नाही तर ती गेली असे धरतात. त्यानंतर दिसलेला एक डागही तपासून घ्यावा लागतो. तिच्या अस्तरात कर्करोग निघाला. लवकर सापडल्यामुळे शस्त्रक्रिया पुरेशी झाली, आणि आज ती घरी नातवंडांत आहे.

—

धागा काढणारीच पुन्हा लिहीत आहे. तुमचे वाचून मी कालनिर्णयावर तारखा, दिवस आणि किती पॅड लागले हे लिहायला सुरुवात केली आहे. मंगळवारी सोनोग्राफी ठरली आहे. त्या दिवशी पाळी चालू असली तर चालेल का?

—

चालते, पण आधी फोन करून विचारावे. पोटावरून करणार असतील तर भरपूर पाणी पिऊन जा, आतून करणार असतील तर लघवीला जाऊन या. आणि तो कालनिर्णयाचा कागद बरोबर न्यायला विसरू नका.