म्हातारे झालेले रॉकवाले आणि आपण: नाशिककरांचा अनुभव धागा

५ जुलै २०२५ ला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क स्टेडियमवर ब्लॅक सबाथ या हेवी मेटल बँडचा गायक ऑझी ऑस्बोर्न सिंहासनात बसून गायला. पार्किन्सन्समुळे उभं राहणं जमत नव्हतं. बँडचे मूळ चौघं वीस वर्षांनी एका मंचावर. घरचे झोपल्यावर गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये हेडफोन लावून मी ते पाहिलं. आवाज डगमगत होता, पण गडी लोकांना उठवत होता. २२ जुलैला तो गेला.

तर विचारायचं हे: ज्यांची पोस्टरं भिंतीला होती त्यांना उतारवयात ऐकलंत का? स्वतः वाजवत होतात, तर आता काय चाललंय? ऑर्केस्ट्रावालेही या. 'आजकालच्या गाण्यात दम नाही' हा वाद मात्र इथे नको.

जुना पासवाला
एप्रिल २००३, मुंबईचं ब्रेबॉर्न स्टेडियम, रोलिंग स्टोन्स बँड. आम्ही मित्र सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने गेलो. परतीची पंचवटी संध्याकाळीच सुटते, त्यामुळे रात्र स्टेशनवर काढायची हे आधीच ठरलेलं. गाडीत आमची टिंगल चालली होती, आजोबांना बघायला निघालोय म्हणून. त्यांचा गायक मिक जॅगर तेव्हा ५९ चा. तो त्या मंचाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत असा पळत होता की पंचविशीतले आम्ही बघूनच दमलो. मागे चार्ली वॉट्स, चेहऱ्यावर रेषा न हलवता, बँकेत हिशेब तपासावा तसा ड्रम वाजवत बसलेला. २०२१ मध्ये तो गेल्याची बातमी आली तेव्हा ऑफिसात कोणाला सांगावं कळेना. 'कोण चार्ली?' हे ऐकायची तयारी नव्हती.

काळी एक
मी लग्नाच्या आणि गणपतीच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्डला. एक आतली गोष्ट सांगतो. गायकाचं वय झालं हे लोकांच्या आधी कीबोर्डवाल्याला कळतं. पूर्वी काळी तीनला, म्हणजे वरच्या पट्टीत म्हणायचे ते हळूच येऊन सांगतात, 'आज काळी एकला घेऊ', म्हणजे खालच्या पट्टीत. सगळी पट्टी खाली सरकवणारं ट्रान्सपोजचं बटण दाबलं की झालं, समोर कोणाला पत्ता लागत नाही. रॉकवाले गिटारच्या तारा अर्धा सूर, एक सूर उतरवतात, प्रकार तोच. वयाबरोबर स्वरतंतू बारीक आणि ताठर होतात, वरचे सूर टिकत नाहीत. ज्याचं नावच वरच्या किंकाळीवर झालंय त्याने काय करायचं? एरोस्मिथ बँडचा गायक स्टीव्हन टायलरला सप्टेंबर २०२३ मध्ये गळ्याची दुखापत झाली आणि पुढच्या ऑगस्टमध्ये बँडने दौरे कायमचे बंद केले. तिथे ट्रान्सपोजचं बटण कामाला येत नाही.

सातपूर ड्रमर
नव्वदच्या आसपास कॉलेजात आमचा बँड होता. नाव सांगत नाही, फार भयंकर होतं. मुंबईत धोबी तलावच्या रंगभवनला इंडिपेंडन्स रॉक हा रॉक महोत्सव ऐकायला जायचो. आमचं दैवत रॉक मशीन हा बँड. गिटारवर महेश तिनईकर, म्हणजे आपल्यातलंच आडनाव, याचं आम्हाला कोण अप्रूप! १९८८ मध्ये त्यांनी इंग्रजीत स्वतःची गाणी काढली, तेव्हा आम्ही सगळे परक्यांचीच उचलत होतो. पुढे १९९३ ला ते इंडस क्रीड झाले, १९९७ ला थांबले, २०१० ला परत उभे राहिले. माझ्या मुलाला मी हे सगळं सांगतो, तो 'हो बाबा' म्हणतो.

आता माझं. सातपूरला प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबणाऱ्या मोठ्या आवाजाच्या यंत्रांच्या विभागात नोकरी. सेफ्टीवाला कानात प्लग घातल्याशिवाय आत सोडत नाही. आठ तासांना ९० डेसिबल ही मर्यादा, १०५ ला फक्त एक तास. संध्याकाळी हाच मी बंद खोलीत क्रॅश सिंबल (ड्रमसेटची मोठी झांज) कानाशी ठेवून तास न् तास बडवायचो, प्लगबिग काही नाही. आता डाव्या कानात चोवीस तास शिट्टी. कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, आतल्या केसपेशी मेल्या की परत येत नाहीत. द हू बँडच्या पीट टाउनशेंडला हेच, एसी/डीसी बँडच्या ब्रायन जॉन्सनला २०१६ मध्ये दौरा अर्धवट सोडावा लागला तो कानांमुळेच. पण मला सर्वात लागलं ते फिल कॉलिन्सचं. ड्रमची काठी धरता येत नाही म्हणून जेनेसिस बँडच्या शेवटच्या दौऱ्यात तो खुर्चीत बसून गायला, आणि ड्रमवर त्याचा मुलगा. ते बघताना मी गाण्याकडे नाही, बापाच्या हातांकडे बघत होतो.

परखड बोलतो
वाईट वाटेल, पण वेळेवर थांबावं. जर्नी बँडने २००७ मध्ये यूट्यूबवर बघून मनिलाचा गायक घेतला. युराया हीप बँडमध्ये मूळचा एकटा मिक बॉक्स उरलाय. मग तिकिटावर ते नाव कशाला? पाटी जुनी, दुकान नवं.

पंचवटीची नात
भाऊ, नाटकाच्या गावात राहून असं कसं म्हणता? भूमिका दुसऱ्याने केली म्हणून नाटक खोटं होत नाही. आणि थांबण्याचं म्हणाल तर माझे आजोबा बालगंधर्वांबद्दल सांगायचे. वय झालेलं, अंग सुटलेलं, तरी शालू नेसून उभे राहायचे. नवीन पोरं फिदीफिदी हसायची. जुनी माणसं डोळे मिटून घ्यायची आणि ऐकायची. आजोबाही डोळे मिटणाऱ्यांतले. आजीचं म्हणणं वेगळं होतं, 'लोकांनी त्यांना सोडायला हवं होतं, कर्ज फेडायला उभे राहत होते ते.' घरात यावर भांडण व्हायचं. मला अजून आजीचं जास्त पटतं, तरी तुमचं 'वेळेवर थांबावं' पटत नाही. पोटाचं काय, ते नाही सांगितलंत.

कॉलेज रोड गिटार क्लास
मी शिकवते. नवीन पोरगा आला की पहिल्या आठवड्यात त्याला डीप पर्पल बँडची ती 'स्मोक ऑन द वॉटर'ची धून हवी असते. डिसेंबर १९७१ ला स्वित्झर्लंडमधल्या माँट्रोचा कसिनो जळाला, त्यावरचं गाणं. मी सांगते, ही पिकने (तारा छेडायच्या चकतीने) नाही, बोटांनी दोन तारा एकदम उचलून वाजवायची, त्यांचा गिटारवाला रिची ब्लॅकमोर तशीच वाजवतो. 'कोण मॅडम?' धून सगळ्यांना पाठ, माणूस कोणालाच माहीत नाही. मला यात फार दुःख वाटत नाही, खरं सांगते. ओवी कोणी रचली हे जात्यावर बसलेल्या बाईला कुठे माहीत असायचं?

सातपूर ड्रमर
ताई, तुमच्याकडे बास वाजवणारं कोणी असेल तर कळवा. आमचे दोघं अजून नाशिकमध्येच आहेत, बासवाला पुण्याला गेला. रविवारी चालेल. या वेळी प्लग घालून बसेन.