मदत हवी आहे: पीएस५, भाच्याचा एक्सबॉक्स, एक टीव्ही आणि कौलारू पडवी. रिसीव्हर कोणता घेऊ?

खाजणकाठ

मंडळी, नमस्कार. तीनेक वर्षं नुसता वाचनमात्र आहे, आज अडलंय म्हणून धागा काढतोय.

घर गुहागर तालुक्यात, रात्री समुद्राची गाज ऐकू येईल इतक्या अंतरावर. पुण्याची नोकरी आता इथूनच करतो. पुढची पडवी बंद करून तिथे टीव्ही, सोफा आणि माझा पीएस५ (गेम कन्सोल) असा संसार मांडलाय. खोली साधारण ११ बाय १८ फूट, भिंती चिऱ्याच्या, वर उतरतं मंगलोरी कौल. टीव्ही ५५ इंची, दोन वर्षांपूर्वी चिपळूणहून आणलेला.

जुना रिसीव्हर (टीव्ही-कन्सोलचा आवाज स्पीकरांना पुरवणारा डबा) गेल्या ऑक्टोबरात, परतीच्या पावसात गेला. वीज घरावर नाही, मागच्या आमराईत कुठेतरी पडली. विशेष म्हणजे मेन स्विच बंद होता, वडिलांनी ढग दिसताच पाडला होता. तरी दुसऱ्या दिवशी रिसीव्हरची एचडीएमआयची सगळी भोकं मेलेली. रेडिओ तेवढा लागतो. सेट टॉप बॉक्सही गेला. टीव्हीचं एक पोर्ट गेलं होतं, ते वॉरंटीत बदलून मिळालं.

आता नवा घ्यायचाय. अडचण अशी: टीव्हीला चार एचडीएमआय, पण फोरके १२० हर्ट्झ (सेकंदाला १२० चित्रं) फक्त ३ आणि ४ नंबरला. त्यातलं ३ नंबर ईआर्कचंही आहे, म्हणजे टीव्हीचा आवाज रिसीव्हरकडे परत पाठवणारं. मे महिन्यात मुंबईहून भाचा येतो, येताना एक्सबॉक्स सिरीज एक्स घेऊन येतो. त्याला १२० पाहिजे, मला १२० पाहिजे, आणि आवाज रिसीव्हरमधून पाहिजे. पोर्ट दोन, गिऱ्हाइकं तीन.

स्पीकर जुनेच वापरीन, पाच अधिक एक सबवूफर, सहा ओहमचे. बजेट साठ-सत्तर हजार. मेव्हणा अमेरिकेतून जूनमध्ये येणार आहे, तिकडे स्वस्त पडतो म्हणतो. आणायला सांगू का? शिवाय वर अ‍ॅटमॉससाठी (डोक्यावरूनही आवाज देणारी डॉल्बीची पद्धत) छताकडे तोंड असलेले स्पीकर लावायची हौस आहे.

पाचपॉइंटएक

आधी पोर्टाचं बघू, कारण बहुतेक लोक इथेच फसतात आणि दुकानदार 'एटके (8K) रिसीव्हर घ्या' म्हणून मोकळा होतो.

एचडीएमआय २.० मधून सेकंदाला १८ गिगाबिट जातात, २.१ मधून जास्तीत जास्त ४८. फोरके ६० हर्ट्झ, एचडीआरसकट, १८ मध्ये बसतं. १२० बसत नाही, म्हणून हा सगळा खटाटोप. पण रिसीव्हरवर ४८ च लिहिलेलं हवं असा हट्ट धरू नका. पीएस५ स्वतःच ३२ गिगाबिटच्या वर जात नाही आणि सिरीज एक्स ४० च्या वर जात नाही. ४० वाला रिसीव्हर तुम्हा दोघांना पुरून उरेल.

जोडणीचे मार्ग दोन. एक म्हणजे कन्सोल रिसीव्हरमध्ये आणि तिथून एकच केबल टीव्हीला. इथे रिसीव्हरला १२० हर्ट्झ आणि व्हीआरआर (गेमच्या वेगाप्रमाणे पडद्याचा वेग बदलणं) दोन्ही पुढे सोडता आलं पाहिजे. दुसरा, कन्सोल थेट टीव्हीत आणि टीव्हीचा आवाज ईआर्कने मागे रिसीव्हरला. इथे चित्राशी रिसीव्हरचा संबंधच नाही, त्यामुळे त्याला फक्त ईआर्क असलं की झालं.

तुमच्या बाबतीत मी दोन्ही मिसळीन. पीएस५ थेट टीव्हीच्या ४ मध्ये, कायमचा. रिसीव्हरची केबल ३ मध्ये. भाचा आला की त्याचा एक्सबॉक्स रिसीव्हरच्या २.१ च्या इनपुटमध्ये, म्हणजे त्याचं चित्रही ३ मधूनच जाईल आणि तुमच्या पीएस५ चा आवाज त्याच केबलने उलटा येईल. कोणाचंच काही कापावं लागत नाही.

खाजणकाठ

@पाचपॉइंटएक, हे डोक्यातच आलं नव्हतं! एकच केबल दोन्हीकडे चालते हे माहीत होतं, पण भाच्याचा रस्ता वेगळा आणि माझा वेगळा करता येईल हे नाही. मग साधं आर्क (ईआर्कची जुनी आवृत्ती) का नाही चालणार? जुन्या रिसीव्हरला तेच होतं बहुतेक.

पाचपॉइंटएक

चालेल, पण गेमच्या आवाजाचं पाणी होईल. पीएस५ गेमचा आवाज एरवी लिनियर पीसीएममध्ये पाठवतो, म्हणजे न दाबलेला, ७.१ पर्यंत. साध्या आर्कमधून पीसीएम दोनच चॅनेलचा जातो. पाच हवे असतील तर कन्सोलला डॉल्बी डिजिटल करून पाठवायला सांगावं लागतं आणि त्या दाबण्यात थोडा उशीर होतो. सिनेमात कळत नाही, गेममध्ये गोळी झाडल्यावर कळतो. ऑप्टिकल केबलचीही तीच कथा. ईआर्कमधून ७.१ चा पीसीएम जसाच्या तसा जातो.

टीव्हीत ईआर्क 'ऑटो' आणि डिजिटल आऊटपुट 'पास थ्रू' ठेवायला विसरू नका. निम्मे 'ईआर्क बिघडलाय'वाले धागे तिथेच मिटतात.

चिरेबंदी

अ‍ॅटमॉसच्या हौसेबद्दल. छताकडे तोंड करून ठेवायचे स्पीकर आवाज छतावर आपटवून खाली आणतात. त्यासाठी छत सपाट, टणक आणि साधारण साडेसात ते चौदा फुटांवर लागतं. तुमच्याकडे उतरतं कौल, मधे वासे-रिपा आणि कौलांच्या फटी. आवाज परत येईल तो सोफ्यावर नाही, तुळशीवृंदावनावर.

मी स्वतः हा मूर्खपणा केलाय (दापोली, असंच घर). दोन स्पीकर वर्षभर छताला ऐकवले. मग भिंतीवर उंच, पुढच्या दोन कोपऱ्यांत, सोफ्याकडे तिरके करून लावले आणि रिसीव्हरमध्ये 'फ्रंट हाइट' निवडलं. फरक पडला. पण खरं सांगू का, जून ते सप्टेंबर कौलांवर पाऊस वाजायला लागला की वरून येणारा आवाज आपोआप मिळतो आणि तो बंद करता येत नाही. त्यापेक्षा सोफ्यामागच्या चिऱ्याच्या भिंतीवर जाड गोधडी टांगा. गिलावा न केलेल्या चिऱ्याचं एक वेळ ठीक, पण गिलावा आणि रंग असेल तर आवाज नुसता घुमतो.

फेज-न्यूट्रल

मला रिसीव्हरमधलं कळत नाही, वायरिंगमधलं कळतं. मेन बंद असून जळलं कसं याचं उत्तर मूळ पोस्टमध्येच आहे: सेट टॉप बॉक्सही गेला. डिशची केबल! छपरावरच्या डिशमधून कोॲक्स केबलने लाट बॉक्समध्ये आली, बॉक्समधून एचडीएमआयने रिसीव्हरमध्ये, तिथून टीव्हीत. मेन स्विचचा तिच्याशी काय संबंध? जवळ वीज पडली की लांब तारेत दाब उठतो, तार खांबावरची असो वा छपरावरची. ढग आले की प्लग काढताच, तसा डिशच्या केबलचा स्क्रूही काढा. इंटरनेट फायबरचं असेल तर त्या काचेच्या तंतूतून लाट येत नाही, मात्र राउटरचा अडॅप्टर काढावा लागतोच.

दुसरं, अर्थिंग. आपल्याकडे कातळावर दोन फूट खणून सळई ठोकतात आणि अर्थिंग झालं म्हणतात. जांभ्यात ओल टिकत नाही, उन्हाळ्यात तर अजिबात नाही. खोल खड्डा, कोळसा-मीठ आणि मार्च ते मे त्यात अधूनमधून पाणी. सर्ज प्रोटेक्टर लावणार असाल तर लाट जमिनीत उतरवायला त्याला धड अर्थिंग लागतं, नाहीतर तो शोभेचा. सत्तरातले पाच हजार आधी इथे घाला, असं मी सांगेन.

इन्व्हर्टर कोणता आहे? स्क्वेअर वेव्हवाला असेल तर रिसीव्हरचा मोठा ट्रान्सफॉर्मर त्यावर गुणगुणतो आणि तापतो. साइन वेव्हवर ठीक.

तांबडी माती

मेव्हण्याला आणू देऊ नका!! अमेरिकेतला रिसीव्हर १२० व्होल्टचा असतो. फोन-लॅपटॉपच्या चार्जरसारखा तो दोन्हीकडे चालत नाही. आमच्याकडे एकाने नुसता पिनचा अडॅप्टर लावून २३० ला जोडला, धूर बघायला शेजारी आले. स्टेप डाउन ट्रान्सफॉर्मर लावून चालवता येतो, पण दहा किलोच्या डब्याशेजारी आणखी एक जड गरम डबा, आणि वॉरंटी इथे कोण देणार?

आखातातून कोणी येत असेल तर निदान व्होल्टेजचा प्रश्न नाही. आमच्या रत्नागिरीत अर्ध्या घरांत तिकडचाच टीव्ही आहे. वॉरंटीचं मात्र तेच.

सोलकढी

मेल्या, भाचो वर्षात पंधरा दिवस येता, तेच्यासाठी सत्तर हजार? तेका ६० वर खेळांदे. आमी सुपर कॉन्ट्रावर वाढलंव.

खाजणकाठ

@सोलकढी 😀 माझंही वय तेच. पण भाच्यापेक्षा मलाच पाहिजे हे बायकोला कळलंय, तुम्हाला सांगायला हरकत नाही.

@फेज-न्यूट्रल, डिशच्या केबलचं वाचून अंगावर काटा आला. वडिलांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, 'मी प्लग काढायला सांगत होतो तेव्हा हसत होतात.' इन्व्हर्टर साइन वेव्हचाच आहे, निसर्ग वादळानंतर घेतला. जून २०२० मध्ये किती दिवस अंधारात काढले ते इथल्या लोकांना सांगायला नको.

अमेरिका रद्द. आता इथे मिळणाऱ्यांपैकी नावं सुचवा. कोणी पुण्याचा ओळखीचा २०२० चा वापरलेला देतोय, अगदी निम्म्या किमतीत. एटके लिहिलंय त्यावर.

पाचपॉइंटएक

२०२० चा असेल तर थांबा. एचडीएमआय २.१ च्या त्या पहिल्या खेपेत दोन-तीन मोठ्या ब्रँडच्या रिसीव्हरांत सदोष चिप गेली होती. सिरीज एक्सवरून किंवा कॉम्प्युटरमधल्या एनव्हिडियाच्या ३० मालिकेच्या ग्राफिक्स कार्डावरून फोरके १२० दिलं की पडदा काळा. पीएस५ ला ती अडचण येत नव्हती, म्हणजे तुम्ही महिनाभर वापरून खूश व्हाल आणि मे महिन्यात भाचा आल्यावर कळेल. नंतर कंपन्यांनी कोणाला जोडडबा दिला, कोणाला बोर्ड बदलून दिला. विकणाऱ्याकडे तसं काही केल्याची पावती असेल तरच विचार करा.

नव्यात डेनॉनचा एव्हीआर-एक्स१८००एच बघा. सात चॅनेल, चॅनेलमागे ८० वॅट, सहा इनपुट आणि त्यातले तीन फोरके १२० चे. ऑन्कियोचा टीएक्स-एनआर६१०० हाही सात चॅनेलचा. त्यालाही सहापैकी तीन इनपुट ४० गिगाबिटचे, वर टीव्हीसाठी आऊटपुट दोन. मला स्वतःला दोन आऊटपुटची कधी गरज पडली नाही. तुमच्या खोलीला आणि सहा ओहमच्या स्पीकरला ८० वॅट भरपूर. वॅटच्या आकड्यांवरून निवडू नका, ते बहुधा दोनच चॅनेल चालू ठेवून मोजलेले असतात.

घेतल्यावर सिग्नल फॉरमॅट रिसीव्हरमध्येही वाढवावा लागतो (डेनॉनमध्ये '८के एन्हान्स्ड') आणि टीव्हीत त्या-त्या पोर्टालाही. एकीकडे राहिलं की १२० चा पर्यायच दिसत नाही आणि माणूस केबलला शिव्या देतो.

चिरेबंदी

केबलला शिव्या द्यायची वेळही येते हो. 'अल्ट्रा हाय स्पीड' लिहिलेली आणि खोक्यावर क्यूआर कोडचं लेबल असलेलीच घ्या, ते फोनने तपासता येतं. दोन-तीन मीटरच्या वर जाऊ नका. रिसीव्हर माजघरातल्या कपाटात लपवायचा विचार असेल तर सोडून द्या.

आणि समुद्राजवळ आहात. माझ्या पिना दोन पावसाळ्यांत हिरव्या पडल्या होत्या. रिकामी पोर्टं रबरी टोपणांनी बंद करा. रिसीव्हर रोज थोडा वेळ चालू ठेवला की आतून कोरडा राहतो, चार महिने झाकून ठेवलेलाच बुरशीने जातो. वरच्या जाळीतून पाली आत जातात म्हणून माझी आई त्यावर क्रोशाचा रुमाल घालायची. तो कसा भाजून निघाला नाही देव जाणे. वर निदान वीतभर जागा मोकळी हवी.

खाजणकाठ

क्रोशाचा रुमाल आमच्याकडेही आहे, मोरांचा. आजच उचलला.

तर ठरलं ते असं: उद्या अर्थिंगवाला येतोय, खड्डा माडाच्या आळ्याशेजारी, म्हणजे पाणी आपोआप पडेल. डिश काढून टाकतोय, फायबर आहेच. पुण्याच्या ओळखीच्याला पावती विचारली तर 'कसली पावती' म्हणाला, त्यामुळे तो विषय संपला. वर सांगितलेल्या दोन्हींचे भाव चिपळूण आणि कोल्हापूरला विचारले. दुरुस्तीला पाठवायची वेळ आली तर घाट चढून तिकडेच जावं लागणार, म्हणून कोल्हापूरहूनच घेईन.

आणि एक गंमत. आत्ता बहिणीचा फोन आला होता. भाचा पुढच्या वर्षी दहावीला, मे महिन्यात क्लास सुरू होतायत, म्हणून एक्सबॉक्स कपाटात कुलूपबंद. गणपतीला येईल, पण हात हलवत. आता २.१ च्या इनपुटांचं मला काय काम? नुसता ईआर्कवाला स्वस्तातला पाच चॅनेलचा घेऊ का?

पाचपॉइंटएक

फक्त पीएस५ असेल तर हो, भागेल. उरलेल्या पैशात सबवूफर बदला, जुना आहे म्हणालात.

सोलकढी

दहावी झाली की तो परत येतलो. तेवा धागो वर काडा.