कॅन्सरच्या औषधाचं नरक्याचं झाड: शेतात लावायचं की त्याचा नाद सोडून द्यायचा?

घाटमाथा
गावच्या ग्रुपवर परत तो मेसेज फिरतोय, नरक्याच्या सालीच्या काढ्याने कॅन्सर बरा होतो म्हणे. काढ्याचं सोडा, पण झाडात दम आहे हे खरंय. त्यातल्या कॅम्प्टोथेसिन नावाच्या द्रव्यापासून टोपोटेकन आणि इरिनोटेकन ही औषधं बनली, अंडाशयाच्या आणि मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवर जगभर देतात. आणि हे झाड कोयनेपासून आंबोली-चंदगडपर्यंत आपल्या डोंगरात आहे. तर वनखात्याने नुसती तस्करीची वाहनं पकडत बसण्यापेक्षा शेतकऱ्याला रोपं द्यावीत, वाहतूक परवाना सोपा करावा आणि पैसा डोंगरातल्या माणसाच्या हातात जाऊ द्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. बोला.

केमिस्ट्रीवाला
"झाडात दम" हेच मला खटकतं. दम रेणूत आहे, आणि तोही जसाच्या तसा चालला नाही. १९६६ मध्ये अमेरिकेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी कॅम्प्टोथेसिन वेगळं काढलं, ते एका चिनी झाडातून, आपल्या नरक्यातून नाही. ते पाण्यात विरघळेना म्हणून सोडियमचा क्षार करून पेशंटना दिलं तर असर कमी आणि मूत्राशयातून रक्त जायला लागलं, सत्तरच्या दशकात चाचण्या गुंडाळल्या. पुढे १९८५ ला कळलं की हा रेणू टोपोआयसोमरेज-१ या एन्झाइमला डीएनएवरच अडकवून ठेवतो, त्यामुळे पेशी विभागताना डीएनए तुटतो. मग रेणूत बदल करून इरिनोटेकन जपानात १९९४ ला आलं (याकुल्टवाल्यांनी केलं, हो तेच दह्याच्या बाटलीवाले!), टोपोटेकन अमेरिकेत १९९६ ला. तीस वर्षं गेली मधे. ती तीस वर्षं वगळून "आमच्या डोंगरात कॅन्सरचं औषध उगवतं" म्हणायचं हे काही पटत नाही बुवा.

तापीकाठचा
वाणी आमच्या नंदुरबारचे हो! मुंबई विद्यापीठात शिकले मग अमेरिकेत गेले. टॅक्सॉल हे कॅन्सरचं दुसरं औषध शोधणाऱ्यांतही तेच दोघं, वॉल आणि वाणी. इकडे किती जणांना माहितीय? 🙏

काढाप्रेमी
सगळं परदेशातून शिक्का मारून आलं की मग खरं का? आपल्याकडे अख्खी वनस्पती वापरतात म्हणून ती शरीराला झेपते, एकच द्रव्य ओढून काढलं की साइड इफेक्ट येणारच. कंपन्यांना निसर्ग नको, पेटंट पाहिजे. हळदीवरचं अमेरिकेतलं पेटंट विसरलात का, १९९७ ला ते रद्द करून घ्यायला आपल्याला भांडावं लागलं होतं.

केमिस्ट्रीवाला
हळदीत जुना वापर कागदावर दाखवता आला म्हणून जिंकलो. नरक्या कॅन्सरवर वापरायचे असा एक तरी जुना दाखला दाखवा, मी गप्प बसतो. आणि विष अख्ख्या झाडात राहिलं म्हणून ते विष राहत नाही हे कुठलं शास्त्र?

वॉर्डातली सिस्टर
काढाप्रेमी दादा, मी केमोच्या वॉर्डात काम करते. इरिनोटेकनचा डोस उंची-वजनावरून काढतात, आधी रक्त तपासतात, पांढऱ्या पेशी कमी असल्या तर डॉक्टर डोस पुढे ढकलतात, जुलाब एवढे होऊ शकतात की सलाइन लावायची वेळ येते, आणि काही जणांच्या लिव्हरला जन्मापासूनच ते नीट बाहेर टाकता येत नाही त्यांना तर कमीच द्यावं लागतं. एवढं सगळं शुद्ध औषधाला, मोजून. तुमच्या काढ्यात किती उतरलं हे कोण मोजणार? केमो चालू असताना कृपा करून घरचं काही पाजू नका, आणि पाजलंच असेल तर निदान आम्हाला सांगा तरी, लोक लपवतात.

पाटण साइड
तुमची केमिस्ट्री चालू द्या, आमच्याकडं काय होतंय ते ऐका. व्यापाऱ्याचा माणूस येतो, गावातल्या पोरांना मजुरी देतो, झाड बुडातून तोडून मुळासकट खोड नेतात. पकडलं तर पोरगं कोर्टात, व्यापारी बिनघोर. कॅम्प्टोथेसिन लाकडात टक्क्याच्याही खाली म्हणजे थोड्याशा पावडरीसाठी ढिगानं झाडं. घाटमाथा भाऊ, लागवडीला मी तयार आहे पण घेणार कोण, कुठल्या भावानं, हे लिहून द्या की. आणि एकदा लागवडीचा माल चालू झाला की जंगलातला माल त्यातच घुसणार, नाक्यावर ओंडक्याकडं बघून सांगणार का हा कुणाच्या बांधावरचा?

घाटमाथा
पाटण साइड, घुसण्याचा मुद्दा खरा आहे पण म्हणून लागवडच नको हे उलटं झालं. बंदी असून तोड चालूच आहे ना? सातबाऱ्यावर झाडांची नोंद करा, तोडीच्या आधी पंचनामा करा. बुंधा ठेवून कापलं तर परत फुटतं, अख्खं झाड मारायची गरजच नाही. २००२ चा जैवविविधता कायदा आहे, त्यात लाभातला वाटा स्थानिकांना द्या म्हटलंय, ग्रामपंचायतीत त्यासाठी जैवविविधता समिती असते कागदावर. ती जागी करा.

केमिस्ट्रीवाला
मी म्हणतो झाडावर अवलंबूनच कशाला राहायचं? याच नरक्याच्या आत राहणाऱ्या बुरशीतून कॅम्प्टोथेसिन मिळतं हे जम्मूच्या संशोधकांनी २००५ ला दाखवलंय. पैसा तिकडे घाला.

पाटण साइड
अन् ती बुरशी प्रयोगशाळेत चार पिढ्या वाढवली की द्रव्य बनवायचं कमी करते, हे पण सांगा की साहेब. तोवर आमचा डोंगर बोडका. घाटमाथा, समितीचं बोललात म्हणून सांगतो, गावात कुठली झाडं-प्राणी आहेत त्याचं आमच्या समितीचं रजिस्टर बाहेरच्या माणसानं भरून दिलंय, त्यात नरक्या आहे का नाही तेच बघायला उद्या ग्रामपंचायतीत जातोय. नोंद सापडली तर फोटो टाकतो इथं.